डोंगरचढाईच्या निमित्ताने इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा आहे: शब्द आधी पाठ करावेत की वाटेवर टिपावेत?

प्रश्न: रानवाट

नमस्कार. इंग्रजी वाचताना मला फारशी अडचण येत नाही. वर्तमानपत्रातील लेख किंवा साध्या भाषेतील कादंबरी मी शब्दकोश न उघडता वाचू शकते. बोलायची वेळ आली की मात्र ओळखीचे शब्दही ऐनवेळी आठवत नाहीत, आणि जे आठवतात ते इतके सर्वसाधारण असतात की 'गो', 'कम', 'बिग', 'नाइस' यांच्यापलीकडे वाक्य सरकत नाही. लवकरच मी एका गटाबरोबर दोन दिवसांच्या डोंगरचढाईला जाणार आहे. गटातील काही जणांना मराठी येत नाही, त्यामुळे दोन्ही दिवस बोलणे मुख्यतः इंग्रजीतूनच होईल. ही संधी वाया जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तयारी म्हणून मी डोंगराशी संबंधित नामांची एक लांबलचक यादी केली आहे: 'रिज', 'स्पर', 'क्रेस्ट', 'पीक', 'समिट', 'क्लिफ', 'व्हॅली', 'गॉर्ज', 'रॅव्हीन', 'गली' इत्यादी. यांपैकी दोन-दोन, तीन-तीन शब्दांपुढे शब्दकोशात एकच मराठी अर्थ दिलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी उजळणी करताना कोणता शब्द कशासाठी आहे याचा हमखास घोळ होतो. तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, यादी पाठ करूनच निघावे की शब्द वाटेवरच टिपावेत. टिपायचे झाल्यास चालण्यात खंड न पडता ते कसे जमवावे. आणि परतल्यानंतर हे शब्द टिकवण्यासाठी काय करावे?

उत्तर: सोंड आणि धार

यादी करूच नये असे मी म्हणणार नाही, परंतु आपण केलेल्या यादीची मांडणी मात्र बदलावी असे आग्रहाने सुचवीन. अर्थाने अगदी जवळचे शब्द एकत्र शिकले की ते डोक्यात एकमेकांत मिसळतात, आणि आपला घोळ होतो तो त्यामुळेच; त्यात आपल्या स्मरणशक्तीचा दोष नाही. थॉमस टिंकहॅम यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले होते: एकाच वर्गातील शब्दांचा गट शिकणाऱ्यांना अवघड गेला, तर एकाच प्रसंगात सहज येणारे शब्द एकत्र दिल्यावर ते सोपे गेले. म्हणून 'पीक', 'समिट', 'क्रेस्ट' आणि 'टॉप' हे चार शब्द एका दिवशी एका पानावर लिहू नयेत. त्याऐवजी 'स्टीप', 'लूज', 'स्लिप', 'ग्रॅब' असे शब्द एकत्र घ्यावेत, कारण चढ उभा आहे, दगड सुटे आहेत, पाय घसरतो आणि हात फांदी पकडतो ही एका क्षणात घडणारी गोष्ट आहे, आणि ती डोळ्यांसमोर आणली की चारही शब्द एकामागोमाग येतात.

जमिनीच्या आकारांची नावे मात्र घरूनच पक्की करून जावीत आणि त्यासाठी शब्दकोशाऐवजी समोच्च रेषांचा नकाशा समोर ठेवावा. समान उंचीवरचे बिंदू जोडणाऱ्या या रेषांना इंग्रजीत 'कॉन्टूर लाइन्स' म्हणतात. रेषा दाटीवाटीने असतील तिथे चढ 'स्टीप' असतो, विरळ असतील तिथे 'जेंटल' असतो. रेषांना टोक येऊन ते टोक चढाच्या दिशेला वळलेले असेल तर तिथे दरी किंवा घळ आहे असे समजावे, आणि टोक उताराच्या दिशेला असेल तर तिथे डोंगराची सोंड, म्हणजे 'स्पर', बाहेर आलेली आहे. दोन उंचवट्यांच्या मधली खोलगट जागा म्हणजे 'सॅडल'. तिथून डोंगर ओलांडणारी वाट जात असेल तर तिला 'पास' म्हणतात. 'कोल' हा फ्रेंचमधून आलेला शब्दही याच जागेसाठी वापरतात, पण तो गिर्यारोहकांच्या बोलण्यात अधिक येतो. एकदा हे आकार बोटाने नकाशावर गिरवले की 'रिज' आणि 'स्पर' यांत पुन्हा गोंधळ होत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. शब्दकोशातील मराठी अर्थ मोघम असला तरी डोंगरात फिरणाऱ्यांची मराठी मुळीच मोघम नाही. धार म्हणजे 'रिज', सोंड म्हणजे 'स्पर', घळ म्हणजे 'गली', सुळका म्हणजे 'पिनॅकल', खिंड म्हणजे 'पास', आणि पायाखालून सुटे दगड सरकत राहतात तो घसारा म्हणजे 'स्क्री'. हे मराठी शब्द ज्याला नेमके ठाऊक आहेत, त्याला इंग्रजी शब्दासाठी जागा आधीच तयार मिळते.

नामांवर याहून अधिक वेळ मात्र घालवू नये. बोलताना वाक्य अडते ते बहुतेक वेळा क्रियापदावर आणि त्याला जोडून येणाऱ्या लहानशा शब्दावर. मराठीत आपण धारेवरून चालतो, पुलावरून जातो, ओंडक्यावरून उडी मारतो आणि चौकीवरून पुढे निघतो; चारही ठिकाणी 'वरून' चालते. इंग्रजीत धारेच्या लांबीने चालणे म्हणजे 'अलाँग द रिज', पुलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाणे म्हणजे 'अक्रॉस द ब्रिज', ओंडक्याला वरून ओलांडणे म्हणजे 'ओव्हर द लॉग', आणि चौकी बाजूला टाकून पुढे जाणे म्हणजे 'पास्ट द हट'. जंगलातून जाताना 'थ्रू' येते, कारण आपण चहूबाजूंनी झाडांनी वेढलेले असतो. हे फरक पुस्तकात वाचून समजतात, परंतु अंगवळणी पडतात ते पायाखाली खरोखरच पूल किंवा ओंडका असताना. दोन दिवसांत आपण फक्त हे पाच शब्द निःशंकपणे वापरायला शिकलात तरी माझ्या मते चढाई सार्थकी लागली.

चालण्याच्या क्रियापदांचेही तसेच आहे. दमून पाय ओढत चालणे म्हणजे 'ट्रज', ठेचकाळणे म्हणजे 'स्टंबल', ढांगा टाकत जाणे म्हणजे 'स्ट्राइड', पाण्यातून पाय बुडवत जाणे म्हणजे 'वेड', आणि हातांचाही आधार घेत कातळ चढणे म्हणजे 'स्क्रॅम्बल'. प्रत्येक क्रिया जेव्हा अंगाने घडत असेल, तेव्हाच तिचे नाव मनात उच्चारावे.

उत्तर: वर्गाबाहेरचा वर्ग

मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो, त्यामुळे वरील उत्तरात न आलेल्या भागाविषयी, म्हणजे पद्धतीविषयी लिहितो. माझा अनुभव असा की, एकच प्रवास तीन वेळा सांगितला की त्यातील शब्द पक्के होतात: निघण्यापूर्वी भविष्यकाळात, वाटेवर वर्तमानकाळात आणि परतल्यावर भूतकाळात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मार्ग नकाशावर पाहून मोठ्याने सांगावा: आपण सहाला निघू, ओढा ओलांडू, खिंडीपाशी थांबू, अंधार पडण्यापूर्वी तंबू उभारू. एवढ्यातच 'सेट ऑफ', 'क्रॉस', 'टेक अ ब्रेक', 'पिच द टेंट' ही क्रियापदे येऊन जातात. दुसऱ्या दिवशी तीच प्रत्यक्ष घडत असताना वापरावी लागतात, आणि घरी आल्यावर तीच भूतकाळात सांगताना 'सेट ऑफ' भूतकाळातही बदलत नाही, तर 'पिच'चे 'पिच्ड' होते, हेही आपोआप लक्षात राहते.

या पहिल्या टप्प्यात वेळेचा अंदाज बांधण्याचा सराव जरूर करावा, कारण अंदाज बांधताना लांब वाक्ये बोलावी लागतात. त्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला एक ठोकताळा उपयोगी पडतो: दर तीन मैलांना एक तास, आणि वर चढाव्या लागणाऱ्या दर २,००० फुटांना आणखी एक तास. तेव्हा सहा मैलांची वाट आणि २,००० फुटांची चढण असेल तर विश्रांती सोडून तीन तास लागतील. हे गणित सहकाऱ्याला इंग्रजीत समजावून सांगताना 'इट'ल टेक अस', 'ॲट धिस रेट', 'गेन हाइट', 'लूज हाइट' असे शब्दप्रयोग खऱ्याखुऱ्या गरजेपोटी बोलले जातात.

वाटेवर वही हातात धरून चालू नये. उभ्या चढावर किंवा घसाऱ्यावर तर नजर पायाखालीच हवी. चढताना श्वास अपुरा असतो, म्हणून तिथे दोन-तीन शब्दांचीच वाक्ये बोलावीत: 'कीप लेफ्ट', 'लूज स्टोन्स', 'माइंड द ब्रांच'. लांब वाक्ये थांब्यावर बोलावीत, आणि लिहायचे तेही थांब्यावरच. लिहिताना सुटा शब्द लिहू नये. तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, आणि शेजारी ते कुठे ऐकले एवढेच टिपावे. 'स्टीप' या शब्दाखाली मराठी अर्थ लिहिण्यापेक्षा 'द लास्ट बिट इज रिअली स्टीप, ओढ्यानंतरचा चढ' असे लिहिलेले महिन्याभराने वाचले तरी जिवंत वाटते.

एखादा शब्द येत नसेल तर मात्र गप्प बसू नये किंवा लगेच मोबाइल उघडू नये. त्या वस्तूचे वर्णन करावे. वाट दाखवण्यासाठी कोणीतरी एकावर एक रचून ठेवलेल्या दगडांचे नाव येत नसेल तर 'अ पाइल ऑफ स्टोन्स दॅट शोज द वे' असे म्हणावे; सोबतचा जाणकार 'ओह, अ केर्न!' असे म्हणेल. हा स्कॉटिश गेलिकमधून इंग्रजीत आलेला शब्द मग आपल्याला पाठ करावा लागत नाही, कारण आधी त्याची गरज लागली आणि नंतर तो मिळाला. शब्द न येण्याचा तो अर्धा मिनिट शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो, हे माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला वारंवार दिसले आहे.

आता टिकवण्याविषयी. गॉडन आणि बॅडली या संशोधकांनी १९७५ साली पाणबुड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवले आणि काठावर शिकलेले काठावर. अलीकडे, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्प्रयोगात तसा परिणाम आढळला नाही, त्यामुळे या निष्कर्षावर फार मोठा इमला रचू नये. तरीही व्यवहारात सावधगिरी म्हणून मी असे सांगतो की, डोंगरावर सुचलेला शब्द खोलीत बसूनही सुचतो का हे स्वतः तपासावे. परतल्यावर डोळे मिटून वाट पहिल्या पावलापासून आठवावी आणि प्रत्येक वळणाचे वर्णन मोठ्याने करावे. जिथे अडेल ते वाक्य कार्डावर लिहावे. कार्डाच्या एका बाजूला मराठी शब्द नको. त्या जागेचे छायाचित्र लावावे किंवा तो प्रसंग मराठीत एका ओळीत लिहावा, आणि मागे इंग्रजी वाक्य लिहावे. ही कार्डे जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली लोकप्रिय केलेल्या कप्प्यांच्या पेटीत ठेवावीत: जमलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी पाहिले जाते, न जमलेले पहिल्या कप्प्यात परत येते आणि लगेच पाहिले जाते.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. दोन दिवसांत वीस-पंचवीस शब्दप्रयोग स्वतःच्या तोंडून सहजपणे निघू लागले, तर ती शंभर शब्दांच्या यादीपेक्षा कितीतरी मोठी कमाई आहे.

उत्तर: शिट्टी

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. तथापि एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. काही शब्द वाटेवर शिकण्यासाठी ठेवता येत नाहीत. ज्यांच्यावर सुरक्षितता अवलंबून आहे ते शब्द, गटाची भाषा इंग्रजी असेल तर, निघण्यापूर्वीच तोंडपाठ हवेत आणि प्रत्येकाने ते मोठ्याने म्हणून पाहिलेले हवेत.

वरून दगड सुटला तर खालच्यांना सावध करण्यासाठी अमेरिकी लोक 'रॉक!' असे ओरडतात, तर ब्रिटिश गिर्यारोहक 'बिलो!' असे ओरडतात. दोन्ही माहीत असावेत आणि गटात कोणता वापरायचा ते आधी ठरवून घ्यावे. 'होल्ड ऑन' हा शब्दप्रयोग अवघड जागी टाळावा, कारण त्याचा अर्थ 'जरा थांबा' असाही होतो आणि 'घट्ट धरून ठेवा' असाही होतो. थांबायचे असेल तर 'वेट', धरायचे असेल तर 'ग्रिप द रॉक' किंवा 'होल्ड धिस' असे स्पष्ट म्हणावे. आवाज पोहोचत नसेल तेव्हा शिट्टी वापरतात: मदतीची हाक म्हणून मिनिटभरात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा, त्याला उत्तर म्हणून मिनिटाला तीन वेळा. हा संकेत आल्प्स पर्वतातून रूढ झाला आणि ब्रिटनमध्येही तोच चालतो.

दुसरा गट शरीराच्या तक्रारींचा, आणि इथे मराठी बोलणाऱ्याला विशेष जपावे लागते. मराठीत बहुतेक तक्रारी आपल्याला होतात: मला धाप लागते, मला चक्कर येते, माझ्या पोटरीत गोळा येतो, माझा पाय मुरगळतो. शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केले तर समोरच्याला काहीच कळत नाही. इंग्रजीत हीच वाक्ये स्वतःपासून सुरू होतात: 'आय ॲम आउट ऑफ ब्रेथ', 'आय फील डिझी', 'आय हॅव अ क्रॅम्प इन माय काफ', 'आय हॅव ट्विस्टेड माय अँकल'. बुटाने टाचेला आलेला फोड 'ब्लिस्टर', आणि थंडीने बोटे बधिर झाली तर 'माय फिंगर्स आर नम', ज्यात शेवटचा 'बी' उच्चारला जात नाही.

समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० मीटरच्या वर जाणार असाल तर आणखी एक वाक्य अत्यंत महत्त्वाचे आहे: 'इट्स गेटिंग वर्स'. उंचीचा त्रास डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशा लक्षणांनी सुरू होतो, आणि ती लक्षणे वाढत असतील तर खाली उतरणे हाच उपाय असतो. नुसते 'हेडेक' म्हटले तर सोबतचे लोक पाणी देतील आणि चालत राहतील. त्रास वाढतो आहे हे सांगता आले तरच ते थांबतील. संकोचामुळे किंवा शब्दाअभावी असे वाक्य अडून राहू नये, म्हणून ते आधीच बोलून पाहावे असे मी कळकळीने सांगतो.

रानवाट

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. यादी मोडून मी आता प्रसंगांप्रमाणे पाने केली आहेत: निघणे, ओढा, घसारा, धार, खिंड, मुक्काम, उतरणे. सुरक्षिततेचे आणि शरीराचे शब्द स्वतंत्र पानावर घेतले असून ते गटातील सर्वांना पाठवते आहे. दोन लहान शंका उरल्या आहेत. गटात ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन्ही वळणांचे इंग्रजी बोलणारे लोक आहेत, तेव्हा मी कोणते शब्द धरावेत? आणि 'क्रेव्हास', 'मोरेन', 'कॉर्निस' यांसारखे शब्द पुस्तकांत सतत येतात, ते शिकावेत की सोडावेत?

उत्तर: सोंड आणि धार

पहिल्या शंकेविषयी: बोलताना एक वळण धरावे, ऐकताना दोन्ही ओळखावीत. कपाळावर बांधायच्या दिव्याला ब्रिटिश 'हेडटॉर्च' म्हणतात, अमेरिकी 'हेडलॅम्प'. दोराच्या साहाय्याने कडा उतरण्याला ब्रिटिश जर्मनमधून आलेला 'ॲबसेल' हा शब्द वापरतात, अमेरिकी फ्रेंचमधून आलेला 'रॅपेल'. आपण ज्याला डोंगरभटकंती म्हणतो तिला अमेरिकेत 'हायकिंग', ब्रिटनमध्ये 'हिलवॉकिंग', ऑस्ट्रेलियात 'बुशवॉकिंग' आणि न्यूझीलंडमध्ये 'ट्रॅम्पिंग' म्हणतात. 'हायकिंग' म्हटले की सगळीकडे समजते, म्हणून बोलताना तेच वापरावे. उच्चारात दोन ठिकाणी लक्ष द्यावे: 'क्लाइम'मधला 'बी' 'नम'प्रमाणेच मुका आहे, आणि श्वास या अर्थी 'ब्रेथ', पण श्वास घेणे या अर्थी 'ब्रीद' असा उच्चार होतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर आपल्या मार्गावर अवलंबून आहे. 'क्रेव्हास' म्हणजे हिमनदीला पडलेली खोल भेग, 'मोरेन' म्हणजे हिमनदीने वाहून आणून टाकलेला दगडमातीचा ढिगारा, आणि 'कॉर्निस' म्हणजे धारेच्या कडेला वाऱ्याने साचून पुढे झुकलेले बर्फ. आपल्या वाटेवर हिमनदी किंवा बर्फ नसेल तर हे तिन्ही शब्द वाचताना ओळखता आले तरी पुरे. बोलण्याच्या सरावात त्यांना जागा देऊ नये. त्याऐवजी कातळातील बारीक फटीसाठी 'क्रेव्हिस' हा दिसायला सारखा, पण वेगळा शब्द शिकावा, कारण कोणत्याही डोंगरावर हाताची बोटे रोवण्यासाठी अशी फट शोधावीच लागते.

उतरण्याचे पान भरताना 'टर्न बॅक' आणि 'हेड डाउन' यांतील फरक ध्यानात घ्यावा. ठरलेले ठिकाण न गाठता माघारी फिरणे म्हणजे 'टर्न बॅक', आणि उतरायला लागणे म्हणजे 'हेड डाउन'. हवामान बिघडले आणि गटात पुढे जावे की नाही यावर चर्चा सुरू झाली, तर आपले मत मांडण्यासाठी हा फरक आपल्याला लगेच लागेल.